फडक्यानं गाळून शिसं जात नाही

कोकणच्या खाडीकाठी अजून ऐकू येतं: पाणी चार पदरी फडक्यातून गाळलं की त्यातले धातूही निघाले. गाळाला चिकटलेले अडकतात, हे खरं. पण विरघळलेलं शिसं, तांबं मिठासारखंच विणीतून पार होतं.

पाण्यातले विरघळलेले धातू काढण्यासाठी संशोधनात वापरतात ते शोषक तंतू गाळत नाहीत, धरून ठेवतात. पॉलिथिलीनच्या धाग्यावर अमिडॉक्झिमचे रासायनिक गट जोडलेले असतात. त्यांतले नायट्रोजन-ऑक्सिजन धातूच्या आयनांना (पाण्यात विरघळलेल्या, विद्युतभार असलेल्या कणांना) पकडतात. समुद्राच्या १,००० लिटर पाण्यात युरेनियम जेमतेम ३ मिलिग्रॅम, तरी तेसुद्धा हाती लागतं. अडचण निवडीची: पाण्यातला व्हॅनेडियम हा दुसरा धातू युरेनियमची जागा अडवतो, शिवाय धाग्यावर शेवाळ चढतं. भरलेला तंतू आम्लानं धुऊन पुन्हा वापरता येतो. ते धुवण मात्र खाडीत मुळीच ओतू नये. धातू त्यातच एकवटलेले असतात.