‘ओ’ म्हणून खपून गेलेलं रक्त

रक्तदान शिबिरात कार्ड हातात पडलं की आपण रक्तगटाच्या चौकटीत डोकावतो आणि निर्धास्त होतो. त्यातला ‘ओ’ गट कसा ठरतो, ते एकदा तंत्रज्ञाच्या शेजारी उभं राहून बघावं. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब. एकात ए-विरोधी द्राव, दुसऱ्यात बी-विरोधी. काडीने ढवळायचं, टाइल हलकेच झुलवायची. थेंब फाटलेल्या दुधासारखा दाणेदार झाला, तर तो गट. दोन्ही एकजीव राहिले, तर ‘ओ’. म्हणजे काहीच दिसलं नाही, यावरून काढलेलं हे अनुमान! याच फटीतून एक निराळा रक्तगट निसटून जात होता.

1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही जणांचं रक्त असं आढळलं, की ते वरवर ‘ओ’ वाटे, पण ‘ओ’शीही जुळेना. लंडनच्या रक्तगटतज्ज्ञांनी त्यात हात घातला, त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये शोधनिबंध आला, आणि गटाला नाव पडलं ‘बॉम्बे’. पुढे शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं.

भानगड काय आहे? तांबड्या पेशीवर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्यूकोज ही साखर जोडली गेली की ‘एच’ प्रतिजन तयार होतो. त्याला भिंतीतली खुंटी समजा. ए गटात त्या खुंटीवर एक साखर टांगलेली असते, बी गटात दुसरी. ‘ओ’ गटात खुंटी रिकामी. बॉम्बे गटात मुळात खुंटीच नाही. फ्यूकोज जोडणारं विकर बनवणारा एफयूटी1 हा जनुक 19व्या गुणसूत्रावर असतो. इथे त्याच्या दोन्ही प्रती नादुरुस्त. मग जवळ बीचा धडधाकट जनुक असला तरी टांगायचं कशावर?

एरवी माणूस ठणठणीत असतो. पंचाईत होते ती रक्त चढवताना. त्याच्या शरीराला ‘एच’ परका, म्हणून त्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तद्रवात तयारच असतात. आणि ‘ओ’च्या पेशींवर तर ‘एच’ सगळ्यात जास्त! तशी पिशवी लागली, तर आलेल्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

ओळखायचा मार्ग साधा आहे: उलट तपासणी. रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’च्या पेशींशी मिसळायचा. खरा ‘ओ’ असेल तर थेंब शांत राहतो, बॉम्बे असेल तर दाणे धरतात. खातरजमा करायला युरोपातल्या एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. तो नेमका ‘एच’ला चिकटतो. घाईत फक्त टाइलवर भागवलं, तर मात्र कार्डावर ‘ओ’च छापला जातो.

या छापील अक्षराने घरं हादरू शकतात. आई बॉम्बे गटाची, पण कार्डावर ‘ओ’. बाप खरोखरचा ‘ओ’. आणि मूल बी गटाचं. शाळेच्या पुस्तकातला तक्ता म्हणतो, अशक्य. प्रत्यक्षात आईकडे बीचा जनुक दडून बसलेला असतो. बापाकडून ‘एच’चा चांगला जनुक मिळताच मुलात तो उघड होतो. तक्त्यावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

युरोपात दहा लाखांत एखादा माणूस या गटाचा सापडतो. भारतात साधारण दहा हजारांत एक. नादुरुस्त जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो, त्यामुळे नात्यात लग्नं होतात तिथे शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहेच.

बॉम्बे गटाच्या माणसाला रक्त चालतं ते फक्त बॉम्बे गटाचं. तांबड्या पेशींची पिशवी शीतपेटीत 35 ते 42 दिवस टिकते. ग्लिसरॉल घालून गोठवली तर काही वर्षं राहते, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी. त्यामुळे रक्तपेढ्यांची खरी भिस्त दात्यांच्या फोन नंबरांच्या यादीवर असते, आणि यादीतल्या पुरुषाने आज रक्त दिलं तर पुढचे तीन महिने त्याचा नंबर असून नसल्यासारखा. पण ज्या आईबापांच्या पोटी असं एक मूल येतं, त्यांच्या बाकीच्या प्रत्येक मुलात हाच गट असण्याची शक्यता निदान चारात एक. म्हणून असा रुग्ण सापडला की जाणता तंत्रज्ञ फोन फिरवण्याआधी नातेवाइकांना विचारतो, “यांना सख्खी भावंडं किती?”