व्ह्यू-मास्टरच्या जुन्या रिळांचा संग्रह सुरू करताना

व्ह्यू-मास्टर म्हणजे गोल चकतीसारख्या रिळावरील चित्रे डोळ्यांना लावून त्रिमितीय रूपात पाहण्याचे उपकरण, अर्थात व्ह्यूअर. आमच्याकडे प्रथमच येणारे बहुतेक ग्राहक सर्वांत दुर्मिळ रीळ कोणते, असे विचारतात. नवीन संग्राहकाने त्याआधी रिळाच्या रंगांची चौकशी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण रंग उडालेले रीळ कितीही दुर्मिळ असले, तरी ते पाहण्याचा आनंद फारसा उरत नाही.

विल्यम ग्रूबर यांची कल्पना आणि अमेरिकेतील पोर्टलंड येथील सॉयर्स कंपनीचे हॅरॉल्ड ग्रेव्हज यांचे पाठबळ यांतून १९३९ साली व्ह्यू-मास्टर बाजारात आले. सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाच्या जाड कागदी चकतीत फिल्मचे १४ छोटे तुकडे बसवलेले असतात. एकच दृश्य किंचित वेगळ्या कोनांतून टिपलेली दोन चित्रे चकतीवर समोरासमोर येतात, डावा डोळा एक आणि उजवा डोळा दुसरे पाहतो, आणि अशा ७ जोड्यांतून ७ खोलीदार दृश्ये दिसतात. पुढे तीन रिळांची पाकिटे निघाली; म्हणजे एका पाकिटात २१ दृश्ये आणि बहुधा सोबत एक माहितीपुस्तिका.

सॉयर्सच्या काळातील बहुसंख्य रिळे कोडाक्रोम या कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मवर आहेत आणि अंधारात नीट ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग कित्येक दशकांनंतरही थक्क करतात. १९६६ मध्ये हा व्यवसाय जीएएफ कंपनीकडे गेला आणि तिच्या काळात कोडाक्रोमऐवजी दुसरी फिल्म वापरात आली. त्या फिल्ममधील निळसर रंगद्रव्य आधी उडत असल्याने त्या काळातील पुष्कळ रिळे आज लालसर, गुलाबी दिसतात. कंपनीचे नाव आणि पुष्कळदा सालही रिळावर किंवा पाकिटावर छापलेले असते, ते अवश्य वाचावे. परंतु केवळ त्यावर विसंबू नये. रीळ पांढऱ्या उजेडासमोर धरून आकाश आणि झाडांची पाने पाहावीत. निळा आणि हिरवा रंग जागेवर असेल, तर रीळ घेण्याजोगे आहे.

त्यानंतर समोरासमोरच्या चौकटी जोडीने तपासाव्यात. जोडीतील एकाच चित्रावर बुरशी, ओरखडा किंवा बोटाचा ठसा असला, तरी दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रे जुळत नाहीत आणि खोलीचा आभास बिघडतो. कागदाचे थर सुटलेले असतील किंवा रीळ पुढे सरकवणाऱ्या खाचा फाटलेल्या असतील, तर ते व्ह्यूअरमध्ये अडकण्याचा संभव असतो.

व्ह्यूअरची फार चिंता करू नये. रिळाचा आकार १९३९ पासून बदललेला नसल्याने जुने रीळ नव्या व्ह्यूअरमध्येही चालते. ध्वनिमुद्रिका जोडलेली १९७०च्या दशकातील बोलकी रिळे मात्र आवाजासह अनुभवायची असतील, तर त्यांच्यासाठीचाच व्ह्यूअर लागतो. जुना व्ह्यूअर हवा असल्यास १९४६ ते १९५५ या काळातील बेकेलाइट या जुन्या, कठीण प्लॅस्टिकचे ‘मॉडेल सी’ आम्ही सुचवतो. त्यात रीळ वरच्या फटीतून सहज घालता येते, आणि तो दणकट असला तरी कठीण जमिनीवर पडल्यास तडकू शकतो.

विषय निवडताना बाजारभावापेक्षा आपली आवड पाहावी. स्थलदर्शन, वन्यजीवन, परीकथा आणि चित्रपट यांची रिळे विपुल आहेत. परीकथांच्या रिळांसाठी मातीच्या बाहुल्या घडवून, छोटे देखावे उभारून छायाचित्रे काढलेली असत. त्या कारागिरीकडे आम्ही ग्राहकांचे लक्ष आवर्जून वेधतो. पाकीट घेताना मात्र तिन्ही रिळे एकाच संचातील आहेत आणि पुस्तिका आत आहे, याची खात्री करून घ्यावी.

रिळे नेहमी कडेने धरावीत. धूळ हवेच्या फुग्याने किंवा अगदी मऊ ब्रशने काढावी. पाणी किंवा द्रावण मुळीच लावू नये. थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी, आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ती उभी ठेवावीत. पीव्हीसीचे प्लॅस्टिक आणि रबरबँड टाळावेत. कोडाक्रोम अंधारात टिकाऊ असले, तरी प्रखर प्रकाशात त्याचे रंग लवकर उतरतात, म्हणून दिव्याच्या व्ह्यूअरमध्ये एकच दृश्य फार वेळ ठेवू नये. एखाद्या रिळाला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला, तर फिल्मचा पाया विघटित होऊ लागला आहे असे समजून ते रीळ इतरांपासून ताबडतोब वेगळे करावे.