तांबडा रस्सा आणि ५५ कार्बन

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एक जुने पैलवान आहेत. वय साठीच्या पुढं, खांदे अजून तसेच भरदार. पण तालीम सुटली आणि खुराक सुटला नाही, त्यामुळं पोट पुढं आलंय. मागच्या महिन्यात ते शर्टाच्या आत काहीतरी गुंडाळून आले. विचारलं तर म्हणाले, "पट्टा हाय सर. चरबी घामावाटं भाईर काढतो. चार दिसांत दोन किलो उतरलं बघा." त्यांनी पट्टा सोडून दाखवला. बनियन पिळलं असतं तर पाणी गळलं असतं, इतकं ओलं होतं.

तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्या दिवशी कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: माणूस बारीक होतो तेव्हा त्याची चरबी जाते कुठं? कुणी म्हणालं घामातून, कुणी शौचावाटे, कुणी म्हणालं तिची शक्ती होते, उष्णता होते. ही उत्तरं फक्त कट्ट्यावर मिळतात असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक अशा १५० जणांना विचारला होता. बहुतेकांचं उत्तर चुकलं. 'चरबीची उष्णता होते' हेच सर्वांत जास्त जणांनी सांगितलं. दोघांचा हा लेख २०१४ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री उठून वहीत आकडे मांडून बघितले होते.

'उष्णता होते' या उत्तरात चूक काय? शाळेत शिकलेला वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आठवा. लाकूड जळलं की उष्णता मिळते, पण लाकडातले अणू उष्णता होत नाहीत. ते धुरातून, वायूतून निघून जातात, उरलेले राखेत राहतात. अणूंची उष्णता व्हायला अणुभट्टी लागते आणि आपल्या पोटात अणुभट्टी नाही. वजन अणूंचं असतं. दहा किलो वजन कमी झालं म्हणजे दहा किलो अणू शरीराबाहेर गेले. गेले कुठल्या दारानं, एवढाच प्रश्न आहे.

आता चरबीचा एक रेणू घेऊ. माणसाच्या शरीरातल्या चरबीचा सरासरी रेणू ५५ कार्बन, १०४ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणूंचा असतो. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ५५ आणि पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. दहावीच्या मुलानं दोन्ही बाजूंचे अणू मोजून बघावेत, समीकरण बरोबर जुळतं. कार्बनचा अणुभार १२, हायड्रोजनचा १, ऑक्सिजनचा १६ धरला तर चरबीच्या रेणूचा भार ८६० येतो. त्यात एकट्या कार्बनचा वाटा ६६०. हा सगळा कार्बन वायू होऊन फुप्फुसांतून बाहेर पडतो, त्याला दुसरी वाट नाही. हायड्रोजन सगळा पाण्यात जातो. राहिले चरबीतले मूळचे ६ ऑक्सिजन. ते नेमके कुठं गेले हे सांगणं सोपं नाही, कारण शरीरात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एकमेकांत ऑक्सिजनची सतत अदलाबदल करत असतात. नेथन लिफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये जड ऑक्सिजन वापरून ही अदलाबदल दाखवली. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत ऑक्सिजन दोन आणि पाण्याच्या रेणूत एक, म्हणून सहा अणू ४ आणि २ असे वाटले जातात असं धरायचं. ६६० मध्ये ६४ मिळवले की ७२४. भागिले ८६०. उत्तर ८४ टक्के.

म्हणजे दहा किलो चरबी गेली तर त्यातली ८.४ किलो नाकातोंडावाटे वायू होऊन गेली आणि १.६ किलोचं पाणी झालं. हे पाणी लघवी, घाम, श्वासातली वाफ, यांतल्या कशातूनही जाईल. चरबी बाहेर टाकणारं मुख्य इंद्रिय फुप्फुस आहे. गंमत म्हणजे या कामासाठी २९ किलो ऑक्सिजन आत ओढावा लागतो. आपण हवेचं काही वजन धरतच नाही, म्हणून हे पटायला जड जातं.

मग नुसतं भराभरा श्वास घेतला तर? काही उपयोग नाही, उलट चक्कर येईल. श्वास ही फक्त कचरागाडी आहे. कचरा पेशीत तयार झाला तरच गाडीत पडणार. तो कसा तयार होतो, हा माझा सगळ्यात आवडता भाग. जेवल्यावर रक्तात इन्शुलिन वाढतं आणि मेदपेशींना सांगतं, कुलूप लावा, साठवा. पोट रिकामं झालं, इन्शुलिन उतरलं, चालताना ॲड्रिनलिन वाढलं, की मेदपेशीतली लायपेज नावाची विकरं चरबीच्या रेणूचे तुकडे करतात: तीन मेदाम्लं आणि एक ग्लिसरॉल. मेदाम्लं रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाच्या पाठीवर बसून स्नायूंपर्यंत जातात. तिथं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, त्यांची साखळी दोन-दोन कार्बननं कापली जाते, ऊस कांड्या-कांड्यांनी तोडावा तशी. हे दोन कार्बनचे तुकडे क्रेब्ज चक्र नावाच्या रासायनिक क्रियांच्या फेऱ्यात शिरतात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात. काढून घेतलेला हायड्रोजन शेवटी आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनला भेटतो आणि पाणी होतं. हे सगळं पेशीला ऊर्जेची गरज पडली तरच चालतं, आणि गरज पडते हालचालीनं.

सत्तर किलोचा माणूस रोजच्या साध्या हालचालींत दिवसाला सुमारे २०० ग्रॅम कार्बन श्वासातून सोडतो, असा त्याच लेखातला हिशोब आहे. त्यातला एक तास विश्रांतीऐवजी धावण्यात घालवला तर आणखी सुमारे ४० ग्रॅम. आणि तेवढाच कार्बन खाण्यातून परत आत आला तर वजन तिथल्या तिथं. सगळा जमाखर्च एवढाच. कार्बन भाकरीतून आला, मटणातून आला की बासुंदीतून आला, यानं या खात्यात फरक पडत नाही. किती आला, यानं पडतो.

हे सांगितल्यावर मी पैलवानांना विचारलं, कुस्तीच्या आधी वजनगटात बसायला तुम्ही काय करायचा? म्हणाले, "सोटर घालून पळायचं, पानी बंद. दोन-अडीच किलो उतरायचं." आणि दुसऱ्या दिवशी? ते क्षणभर गप्प झाले. "भरायचं की परत. त्ये पानीच." त्यांच्याच अंगावरचा अनुभव होता, फक्त पट्ट्याशी त्याची सांगड घातली नव्हती. नवीन डाएटच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात तेही बरंचसं असंच. यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं साठवलेली साखर, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. भात-भाकरी तोडली की ग्लायकोजेन संपतं आणि पाणी सुटतं. चरबी तिथल्या तिथं असते.

पट्टा, पायाच्या अंगठ्यात घालायची चुंबकाची अंगठी, चरबी 'वितळवणारा' चहा, सात दिवसांत सात किलोची हमी देणारी पावडर, या सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: ५५ कार्बन कुठून बाहेर काढणार? ज्याच्याकडं उत्तर नाही त्याला पैसे देऊ नका. पोटाला लिंबू बांधून आणि मंतरलेलं पाणी पिऊनही लोक वाट बघतात. मला त्यांचा राग येत नाही, विकणाऱ्यांचा येतो.

बारीक झाल्यावर मेदपेशी नाहीशा होत नाहीत, फक्त आकसतात. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळं हवेत वाढलेला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) त्यांनी मेदपेशींच्या डीएनएमध्ये मोजला आणि त्यावरून पेशींचं वय काढलं. प्रौढ माणसात दरवर्षी सुमारे १० टक्के मेदपेशी मरतात, तितक्याच नव्या येतात, एकूण संख्या तीच राहते. आकसलेल्या पेशी लेप्टिन कमी सोडतात. १९९४ मध्ये जेफ्री फ्रिडमन यांच्या प्रयोगशाळेनं या संप्रेरकाचा जनुक शोधला. लेप्टिन उतरलं की मेंदू भूक वाढवतो. उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवणारा माणूस पुढं दुप्पट का खातो, त्याचं एक कारण हे. उपासमारीत स्नायूही झिजतात, ते वेगळंच. आठवड्याला अर्धा किलो हा वेग हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही सुरक्षित मानते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता खाण्याकडं येतो. कोल्हापुरात राहून मिसळ सोड, रस्सा सोड असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि ऐकायचं कारणही नाही. मी निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी काचेचं पाव लिटरचं मोजपात्र भेट दिलं होतं. एका रविवारी मिसळीचं पार्सल आणलं आणि पिशवीतला कट त्यात ओतला. दहा मिनिटांत दोन थर झाले. खाली तपकिरी गढूळ पाणी, वर काचेसारखी स्वच्छ लालभडक तर्री. डोळा रेषेच्या पातळीला आणून वाचलं: ३० मिलिलिटर. तेल पाण्याहून थोडं हलकं, म्हणजे सुमारे २७ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर जवळजवळ २५० कॅलरी. सत्तर किलोच्या माणसाला एवढं खर्चायला रंकाळ्यावर तासभर झपझप चालावं लागेल. खालच्या मटकीत, कांद्यात, लिंबात तसं काहीच नव्हतं. शेव-फरसाण मात्र तळलेलं, ते मूठभरच घ्यावं.

तर्री लाल का असते, हे कळलं की यावरचा मार्गही सापडतो. मिरचीचा लाल रंग, मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन, आणि आपल्या कांदा-लसूण चटणीतले बरेचसे वास तेलात विरघळतात, पाण्यात फारसे नाहीत. म्हणून चटणी तेलात परतली की घर दरवळतं. म्हणजे चवीचा मोठा भाग तर्रीच्या पहिल्या चमच्यातच येतो. पुढच्या चार-पाच चमच्यांतून चव थोडी वाढते, तेल मात्र तितकंच येतं. आमच्या घरी आता कट गाळत नाही, तर्री वाटीत वेगळी काढतो आणि मिसळीवर एक चमचा फिरवतो. नातवाला फरक कळला नाही, आणि तो तिखटाच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. (तिखटानं चरबी जळते असंही सांगितलं जातं. परिणाम असतो, पण इतका किरकोळ की त्याच्या भरवशावर राहू नये. कपाळावर येतो तो घाम आहे, चरबी नाही.)

मटणाच्या ताटातही हेच. अळणी पाणी म्हणजे मटण शिजलेलं पाणी, एक वाटी आधी प्यावी, पोटाला आधार येतो. तांबड्या रश्श्यावरची तर्री पळीनं बाजूला सारून खालून वाढून घ्यावं. पांढऱ्या रश्श्यात मात्र तेल दिसत नाही, कारण नारळाच्या दुधातली, तिळाची, काजूची चरबी त्यात मिसळून गेलेली असते. तो वाटीभर घ्यावा, दुसऱ्यांदा वाढायला आले की हात आडवा धरावा. सुकं मटण खुशाल खावं. त्यातल्या प्रथिनांनी भूक लवकर भागते आणि स्नायू टिकतात. भाकरी दोनाच्या जागी दीड. आठवड्याला एकदा असं ताट जेवणाऱ्या माणसाचं वजन त्या ताटानं वाढत नाही. उरलेले सहा दिवस नकळत येणाऱ्या तेलानं, चहातल्या साखरेनं आणि संध्याकाळच्या भज्यांनी वाढतं.

पैलवानांनी पट्टा सोडला. रोज एक फेरी वाढवली आणि घरी पन्नास बैठका पुन्हा सुरू केल्या. गेल्या आठवड्यात पाण्याकडं बघत त्यांनी विचारलं, "सर, मग ही माझी चरबी हवेत जाऊन पुढं कुठं जाती?" मी म्हटलं, झाडं ओढून घेतात. पंचगंगेकाठचा ऊस तर फारच वेगानं. पानात तिची साखर होते, गुऱ्हाळात गूळ होतो. ते दचकले, कारण साखर बंद करून त्यांनी चहात दोन चमचे गूळ चालू केला होता, गुळानं वजन वाढत नाही म्हणून. शंभर ग्रॅम गुळात साखरेपेक्षा जराशाच कमी, पावणेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. परवा चहाच्या टपरीवर त्यांनी पोराला हाक मारून सांगितलं, "गूळ एकच चमचा टाक रं."