मनातलं सांगायचं कुणाला? नालंदाच्या शाळांमधला एक प्रयोग

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये २०१५ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. नववीतल्या मुलामुलींचं मानसिक आरोग्य शाळेतच जपता येईल का, हे त्यात तपासायचं होतं. जपता येतं, असं उत्तर मिळालं. पण त्या उत्तराला एक अट चिकटलेली होती आणि मला ती अट उत्तराइतकीच महत्त्वाची वाटते. ते काम कोण करतं, यावर सगळं अवलंबून होतं.

आधी या वयाविषयी. मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. याच देशात लाखभर लोकांमागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. घरातली पहिलीच शिकणारी मुलगी, जिच्या लग्नाची बोलणी दहावीच्या आधीच सुरू होतात, किंवा घरात रोज दारू आणि मारहाण पाहणारा मुलगा, यांच्यापर्यंत तज्ज्ञ पोहोचण्याची वाट पाहायची तर त्यांचं अख्खं बालपण निघून जाईल.

म्हणून नालंदात वेगळी वाट धरली. प्रयोगाचं नाव ‘सेहेर’. तो चालवला ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेने, बिहार सरकारच्या साथीने. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही संस्था उभी केली. तज्ज्ञ नसलेल्या साध्या माणसांना नीट शिकवलं, त्यांच्या पाठीशी सतत कुणी राहिलं, तर ती मानसिक आरोग्याचं बरंच काम करू शकतात, हे ती कितीतरी वर्षं दाखवत आली आहे.

सोडत काढून शाळांचे तीन गट केले. अखेरपर्यंत ७४ शाळा राहिल्या. जीवनकौशल्यांचा सरकारी अभ्यासक्रम तिन्ही गटांत होताच. एका गटात तेवढाच ठेवला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक शाळेत एक ‘सेहेर मित्र’ नेमला. हा मानसशास्त्राची पदवी नसलेला, त्याच भागातला माणूस, पूर्ण वेळ याच कामासाठी. तिसऱ्या गटात हेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिलं. कार्यक्रम तोच होता, बदलला होता तो फक्त चालवणारा.

कार्यक्रमात काय होतं? शाळेत एक पेटी ठेवलेली. मुलांनी तक्रार, सूचना, मनातली गोष्ट लिहून त्यात टाकायची, नाव लिहायची सक्ती नाही. भिंतीवर मुलांनीच भरायचं नियतकालिक. परिपाठाच्या वेळी त्या महिन्याच्या विषयावर बोलणं. स्वच्छता, छळवणूक, व्यसनं, मुलगा-मुलगी भेद, हिंसा, मुलांचे हक्क, अभ्यासाची पद्धत असे ते विषय. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांची एक समिती, जिच्यापुढे मुलांचे प्रश्न मांडायचे. आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने, शांतपणे बोलणं. म्हणजे बराचसा भर एकेका मुलाच्या ‘उपचारा’वर नव्हता. शाळा नावाची जागा थोडी माणसाळावी, हा उद्देश होता.

आठ महिन्यांनी मोजणी झाली. सेहेर मित्र असलेल्या शाळांतलं वातावरण कितीतरी सुधारलं होतं. शिक्षक आपल्याला आधार देतात, आपण या शाळेचे आहोत, आपल्याला विचारलं जातं, असं मुलं सांगत होती. नैराश्याची लक्षणं कमी झाली होती, छळवणूक आणि हिंसा कमी झाली होती, मुलामुलींमधल्या समतेविषयीचं मत बदललं होतं. २०१८ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. नैराश्यातली सरासरी घट मात्र थोडीच आहे, हेही सांगायला हवं. मोठा फरक पडला तो वातावरणात.

आणि ज्या शाळांत शिक्षकांनी तेच काम केलं, तिथे? काहीच फरक नाही. नुसता सरकारी अभ्यासक्रम शिकवलेल्या शाळांच्या तुलनेत कणभरही नाही.

हे वाचून शिक्षकांना बोल लावायचा मोह होतो. तो अन्याय ठरेल. ज्याच्या डोक्यावर अभ्यासक्रम, परीक्षा, निवडणुकीची कामं आणि खचाखच भरलेला वर्ग आहे, त्याला आणखी एक फाइल दिली की त्या फाइलचं काय होतं हे आपण सगळे जाणतो. पण मला वाटतं कारण वेळेपेक्षा खोल आहे. शिक्षक गुण देतो, रागावतो, घरी कळवू शकतो, काही ठिकाणी हातही उगारतो. ज्याच्या हातात आपला निकाल आहे त्याला ‘मला रात्री झोप लागत नाही’ हे सांगायला चौदा वर्षांचं मूल का धजावेल? दादा-ताईंसारखं, शाळेतच असलेलं पण निकालाशी संबंध नसलेलं माणूस हवं.

वातावरणावर इतका भर का, याचं उत्तर त्या वयाच्या मेंदूत आहे. किशोरवयात बक्षीस आणि भावनांशी संबंधित भाग आधी तेज होतात, विचार करून आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. या काळात मेंदू सोबत्यांच्या नजरेला विलक्षण हळवा असतो. कुणी आपल्याला घेतलं, कुणी वगळलं, कोण हसलं, हे मोठ्यांना क्षुल्लक वाटतं, पण मुलाच्या शरीरात तो खराखुरा ताण असतो. तो रोजचाच झाला की झोप, भूक, लक्ष सगळं बिघडतं. दिवसाचे सहा-सात तास ज्या जागेत काढायचे तिथेच अपमान होत असेल, तर श्वासाचे व्यायाम शिकवून किती उपयोग?

या प्रश्नाचं थोडंफार उत्तर ब्रिटनमध्ये मिळतं. तिथे आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी वर्गात सजगतेचे (माइंडफुलनेसचे), म्हणजे श्वासाकडे आणि मनातल्या विचारांकडे शांतपणे लक्ष देण्याचे, धडे दिले. २०२२ मध्ये निकाल आले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्त फायदा झाला नव्हता, आणि ज्या मुलांना आधीच जास्त धोका होता त्यांच्याबाबत तर काळजी वाटावी अशा खुणा दिसल्या. नालंदात याउलट घडलं. पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की मुलांच्या मनावर झालेला परिणाम बराचसा सुधारलेल्या वातावरणाच्याच वाटेने पोहोचला होता.

आता आपल्या धोरणाकडे पाहू. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात, २०२० पासून, प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडायचे अशी योजना आहे. हेतू चांगला आहे. तरीही नालंदातला तिसरा गट डोळ्यांसमोर ठेवला की अस्वस्थ व्हायला होतं. आपण नेमका तोच मार्ग धरला आहे, ज्याने तिथे काही साधलं नाही.

महाराष्ट्रात हे सगळ्यात जास्त कुठे टोचतं? आश्रमशाळांत. घरापासून दूर, वेगळी बोली बोलणारी आदिवासी मुलं तिथे रात्रंदिवस राहतात, आणि शाळा सुटल्यावरही त्यांचं घर म्हणजे तीच इमारत. अधीक्षक-अधीक्षिकांकडे जेवणापासून हजेरीपर्यंत सगळं असतं. तसंच बीडसारख्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं. आईबाप अर्धं वर्ष कारखान्याच्या परिसरात, मूल हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीकडे, किंवा थेट फडात. त्याच भागातल्या, त्यांचीच बोली बोलणाऱ्या पदवीधर मुलामुलींना प्रशिक्षण देऊन प्रत्येक आश्रमशाळेत एक पूर्णवेळ दादा किंवा ताई नेमणं अशक्य मुळीच नाही. शाळा सोडलेल्या मुलांपर्यंत मात्र हा उपाय पोहोचत नाही, त्यांच्यासाठी वस्तीत वेगळं काम उभं करावं लागेल.

अशा ताई-दादाच्या पाठीमागे तज्ज्ञ हवाच. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोललं, तर ते पुढे कुणाकडे न्यायचं हे आधी ठरलेलं हवं. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि १४४१६ ही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन आज आहेत, आणि मुलांनी स्वतःही तिथे फोन करायला काही हरकत नाही.

नालंदातला कार्यक्रम दुसऱ्या वर्षीही चालू ठेवला होता. १७ महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा सेहेर मित्र असलेल्या शाळांतला फरक ओसरला नव्हता, उलट वाढला होता. शिक्षकांच्या गटात तेव्हाही काही बदल नव्हता. ओळख मुरायला वेळ लागतो, आणि मूल पेटीतल्या चिठ्ठीपासून समोर बसून बोलण्यापर्यंत हळूहळूच येतं. त्यामुळे ही पदं निर्माण झाली तर ती अकरा महिन्यांच्या कंत्राटाची नसावीत, आणि नववीत भेटलेली ताई दहावीतही त्याच शाळेत असावी, हे पहिल्याच शासन निर्णयात लिहिलेलं असावं.