नाणे-प्रतवारी (सोन्याची नाणी)

नाणे-प्रतवारी : जुने नाणे तज्ज्ञांच्या संस्थेकडे सोपवून त्याचा अस्सलपणा व जतनस्थिती ठरवून घेण्याची पद्धत. निकाल आकड्यात मिळतो. त्या आकड्याच्या चिठ्ठीसह नाणे पारदर्शक प्लॅस्टिकच्या कायमच्या बंद डबीत परत येते; संग्राहक तिला ‘स्लॅब’ म्हणतात. प्रत म्हणजे कस नव्हे. वजन आणि सोन्याचा कस अस्सलपणा तपासताना पाहिले जातात, प्रत मात्र पृष्ठभागावरून ठरते. आपल्याकडे पोतदार आणि सराफ झिजलेल्या नाण्यावर बट्टा धरीत, तो धातूच्या घटीचा हिशेब होता. येथे तराजूला न जाणवणारी घासटही किंमत बदलते.

आजची श्रेणी १ ते ७० अशी आहे. ती विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडली, आणि तीही सोन्यासाठी नव्हे, तर १७९३ ते १८१४ या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी. सत्तर हा आकडा कोठून आला याचे उत्तर किमतीत आहे : जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरली, तर निर्दोष नाण्याची सत्तर. बाजारभावाने हे प्रमाण लवकरच मोडले, तरी आकडे टिकले. सोन्याच्या बाबतीत ते मुळातच जुळणारे नव्हते, असे काही अभ्यासक म्हणतात. कारण सोन्याचे नाणे कितीही झिजले तरी त्याची किंमत धातूच्या भावाखाली जात नाही, त्यामुळे तळाचा ‘एक’ येथे अर्थहीन ठरतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोन्यात श्रेणीचा खरा उपयोग पन्नाशीच्या वरच होतो. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संघटनेने १९७७ च्या सुमारास ही श्रेणी सर्व अमेरिकी नाण्यांना लागू केली. त्याच संघटनेने १९७२ मध्ये सुरू केलेली सेवा आरंभी केवळ खरे-खोटे सांगे, प्रत ती १९७९ पासून देऊ लागली. नाणे डबीत बंद करण्याची पद्धत रुळली ती पीसीजीएस (कामकाज १९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकी व्यापारी संस्थांमुळे. तोवर विकणाराच प्रत सांगत असे.

नाणे थेट सभासद म्हणून किंवा अधिकृत विक्रेत्यामार्फत सादर करता येते. ते पीव्हीसी नसलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, अर्जावर वर्ष, टांकसाळ, मूल्य आणि स्वतः धरलेली किंमत लिहून विमा उतरवलेल्या टपालाने पाठवतात. शुल्क व विमा या धरलेल्या किमतीवर अवलंबून असतात. संस्थेत नाण्याला क्रमांक मिळतो आणि मालकाचे नाव परीक्षकांपासून दूर ठेवले जाते. किमान दोन परीक्षक एकमेकांशी न बोलता प्रत लिहितात, अंतिम निर्णय तिसरा देतो. सादर करण्यापूर्वी नाणे पुसू नये, हा पहिला नियम आहे. चिंच, पावडर किंवा मऊ फडके यांनी उजळलेल्या सोन्यावर बारीक समांतर रेघा उमटतात आणि आकडा न मिळता ‘तपशील’ (अस्सल, पण सदोष) एवढाच शेरा मिळतो. १८५७ मध्ये बुडालेल्या ‘सेंट्रल अमेरिका’ जहाजातील सोन्याच्या नाण्यांवरचा समुद्रातील थर मात्र रासायनिक प्रक्रियेने काढला गेला आणि तरीही त्यांना पूर्ण प्रत मिळाली. ही प्रक्रिया जतन मानायची की सफाई, यावर संग्राहकांत एकमत नाही.

खरा वाद आहे तो घासटीचा. श्रेणीत ५८ पर्यंत ‘जवळजवळ न वापरलेले’ आणि ६० पासून पुढे ‘टांकसाळीच्या स्थितीतले’ अशी रेषा आहे. सोने मऊ असते. अमेरिकेचे वीस डॉलरचे नाणे ३३.४ ग्रॅमचे, ९० टक्के सोन्याचे, आणि अशी नाणी पोत्यांतून, एकमेकांवर आपटत बँकेच्या तिजोरीत जात. शिल्पकार सेंट-गॉडन्सने घडवलेले १९०७ पासूनचे नाणे दिव्याखाली तिरपे फिरवले, तर अस्पर्शित पृष्ठभागावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगरतात. स्वातंत्र्यदेवतेची छाती आणि पुढचा गुडघा येथे हे पट्टे तुटून रंग किंचित मंद झाला, तर ती खिशातली झीज की थप्पीत नाण्यावर नाणे घासल्याची खूण? कठोर मताप्रमाणे कोणतीही घासट म्हणजे ५८. दुसऱ्या मताप्रमाणे चकाकी अखंड असेल, तर थप्पीतली घासट ही टक्कर मानावी आणि नाण्याला ६१ किंवा ६२ द्यावेत. बाजार दुसऱ्या मताकडे झुकलेला दिसतो. परिणामी सुंदर ५८ हे ओरखड्यांनी भरलेल्या ६१ पेक्षा कधीकधी महाग विकले जाते. प्रतीवर असमाधानी मालक डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात. त्यामुळे एकच नाणे संस्थेच्या गणनेत दोनदा मोजले जाऊ शकते, म्हणून विशिष्ट प्रतीची ‘इतकीच नाणी’ हा दावा सावधपणे घ्यावा.

अस्सलपणाची तपासणी यापेक्षा ठाम असते. तरी १९०७ च्या उंच उठावाच्या वीस डॉलरची बनावट नाणी १९७० च्या दशकात तज्ज्ञांनाही चकवून गेली. सोने पुरेसे, वजन बरोबर. शेवटी गरुडाच्या नखरांत भिंगाखाली दिसणारे ‘ओमेगा’ हे ग्रीक अक्षर तेवढे बनावट ठशाची साक्ष देत होते.

भारतातील संग्राहकाची अडचण कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ मध्ये पाडलेले, ‘आय’ खुणेचे ७.९८ ग्रॅमचे सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचे नाणे ही मर्यादा २०१८ मध्ये ओलांडून गेले. जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदाही लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत सोन्याचे नाणे बहुधा दागिन्यात असते. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी हे मुळात व्हेनिसचे डुकाट, पहिल्यांदा १२८४ मध्ये पाडलेले सुमारे साडेतीन ग्रॅमचे नाणे, किंवा त्याची येथेच केलेली नक्कल. त्यावरील उभ्या आकृत्यांवरून ‘पुतळी’ हे नाव पडले असावे. माळेसाठी तिला वर कडी डाखलेली असते. कडी काढली तरी काठाशी डाखाचा फिकट गोळा किंवा घासून सपाट केलेली जागा राहते, आणि अशा नाण्याला ‘दागिन्यातून काढलेले’ हा शेरा मिळतो. अस्सल डुकाट आणि स्थानिक नक्कल यांतला भेद त्यावरील लॅटिन अक्षरांत पाहावा. नकलांमध्ये ती अनेकदा नुसत्या रेघांसारखी होतात.

हाताने ठोकलेल्या नाण्यांना ७० ची श्रेणी नीट लागू पडत नाही. ठसा सरकणे, कडा फाटणे हे तेथे दोष नसून घडणीचाच भाग असतो. म्हणून प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांना एनजीसी ठशाचे आणि पृष्ठभागाचे गुण पाचापैकी वेगवेगळे देते. मोगल मोहरांना मात्र सत्तरचीच श्रेणी लावली जाते.