जुनी कोरडी शेरी आणि हेरेसचा प्रदेश

शेरी, जुनी कोरडी : स्पेनच्या दक्षिण टोकाला, आंदालुसियातील कादिस प्रांतात पालोमिनो या पांढऱ्या द्राक्षापासून होणारी वाइन. तिच्यात द्राक्षाचेच स्पिरिट मिसळून मद्यार्काची तीव्रता वाढवतात आणि मग ती ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवतात. आमोन्तियादो, ओलोरोसो आणि पालो कोर्तादो हे तिचे तीन प्रकार. तिन्हींत साखर लिटरमागे 5 ग्रॅमच्या आत असते, म्हणजे गोडवा जवळजवळ नसतो, म्हणून त्या कोरड्या. शेरी म्हटले की पुष्कळांना गोड, गडद, केकमध्ये घालायची वाइन आठवते. ती मुख्यतः ब्रिटिश बाजारासाठी गोड वाइन मिसळून तयार होऊ लागली. तिने या कोरड्या शेऱ्यांना इतकी वर्षे झाकून ठेवले, हे वाइनच्या जगातले मोठे नुकसान आहे. द्राक्ष म्हणून पालोमिनो अगदी सौम्य, जवळजवळ चव नसलेले. जुन्या शेरीत जे काही उतरते ते माती, वारा आणि कोठार यांच्याकडून.

हेरेस दे ला फ्रोन्तेरा, सानलुकार दे बार्रामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया ही या प्रदेशाची तीन मुख्य गावे. एका बाजूला ग्वादलकिविर नदी, दुसऱ्या बाजूला ग्वादालेते आणि समोर अटलांटिक. मधल्या बुटक्या टेकड्या उन्हाळ्यात डोळे दिपतील इतक्या पांढऱ्या दिसतात. ही आल्बारिसा नावाची चुनखडीयुक्त माती. एके काळी इथे समुद्र होता आणि त्यातल्या डायटम या सूक्ष्म जीवांचे सांगाडे तळाशी साचत गेले. त्यांच्यामुळे ही माती हलकी आणि सच्छिद्र झाली. वर्षाला सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्याच्या आगेमागे. उन्हाळा कोरडा जातो आणि वेलींना पाणी द्यायची परंपरा नाही. म्हणून तोडणी झाली की वेलींच्या ओळींमध्ये आयताकृती खड्डे काढून पावसाचे पाणी जागीच अडवतात. माती ते पिऊन घेते. वसंतात खड्डे बुजवून जमीन सपाट केली की वरचा थर उन्हाने वाळून घट्ट होतो आणि खालची ओल उडून जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वेल हिरवी राहते ती या साठ्यावर. समुद्रापासून आत असलेल्या माकार्नुदो टेकडीवरची वाइन अंगाने भरीव येते, तर समुद्राकडच्या बाल्बाइनामधली अधिक हलकी. बाटल्यांच्या लेबलांवर ही नावे पुन्हा दिसू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे.

इथे दोन वारे राज्य करतात. पश्चिमेचा पोनिएन्ते अटलांटिकवरून गारवा आणि दमटपणा आणतो. पूर्वेचा लेवान्ते जमिनीवरून तापत येतो, कोरडा आणि झोंबरा. तो सलग काही दिवस वाहिला की द्राक्षे सुकू लागतात. बोदेगा, म्हणजे शेरी मुरवण्याची कोठारे, या दोन वाऱ्यांचा हिशेब करूनच बांधली गेली. भिंती जाड, छत अतिशय उंच, खांबांच्या रांगा आणि छोट्या खिडक्या भिंतीत खूप वर. पोनिएन्ते आत यावा आणि लेवान्ते अडावा अशी इमारतीची दिशा. खिडक्यांना एस्पार्तो गवताचे पडदे, जमिनीवर पिवळसर मातीचा थर. उन्हाळ्यात त्या मातीवर पाणी शिंपडतात. बाहेर पारा 40 अंशांकडे जात असताना आत गारवा टिकतो. यंत्राविना हवा आवरण्याची ही पद्धत पाहिली की या इमारतींना शेरी करण्याचे अवजार म्हणावेसे वाटते.

आंबवणी संपल्यावर कोरडी झालेली नवी वाइन चाखून तिची वाट ठरवतात. नाजूक वाइनची तीव्रता 15 टक्क्यांपर्यंत नेली जाते. तिच्या पृष्ठभागावर यीस्टचा पांढरा, सुरकुतलेला थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. याला फ्लोर म्हणतात. तो वाइनला हवेपासून वाचवतो, उरलीसुरली साखर आणि ग्लिसरीन खाऊन टाकतो आणि अॅसिटाल्डिहाइड तयार करतो. कच्च्या बदामाची आणि आंबवलेल्या कणकेची आठवण देणारा तिखटसर गंध त्यातून येतो. फ्लोरला गारवा आणि ओल लागते. म्हणून समुद्राला भिडलेल्या सानलुकारमध्ये तो वर्षभर जाड राहतो, तर हेरेसमध्ये ऋतूप्रमाणे विरळ होतो. फ्लोरखाली मुरलेली वाइन हेरेस आणि पुएर्तोमध्ये फिनो, सानलुकारमध्ये मान्सानिया.

फ्लोर कायम टिकत नाही. काही वर्षांनी त्याचे अन्न संपते, किंवा मुद्दाम स्पिरिट वाढवून त्याला थांबवले जाते. मग वाइन हवेशी थेट भिडते, रंग अंबरासारखा होतो आणि हेझलनटचा गंध येतो. हीच आमोन्तियादो. ओलोरोसोची वाट सुरुवातीपासून वेगळी. तिची तीव्रता 17 टक्क्यांच्या पुढे नेल्याने फ्लोर धरतच नाही. ग्लिसरीन शाबूत राहते, म्हणून साखर नसूनही ती जिभेवर गोलसर लागते आणि अक्रोड, जुने लाकूड, चामडे यांचा वास देते. पालो कोर्तादो या दोघींच्या मधली, गंधाने आमोन्तियादोकडे झुकणारी आणि अंगाने ओलोरोसोकडे. कोठाराचा प्रमुख लांब दांडीची बेनेन्सिया पिंपाच्या तोंडातून आत बुडवतो, टोकाच्या छोट्या पेल्यातून वाइन वर काढतो आणि उंचावरून बारीक धारेने ग्लासात सोडतो. वास घेऊन झाला की पिंपावर खडूने खूण करतो. फिनोच्या वाटेवरच्या पिंपावर तिरकी रेघ. तेच पिंप पुढे वाट बदलताना दिसले तर त्या रेघेवर दुसरी रेघ मारून ती छेदायची, आणि पिंप पालो कोर्तादोच्या रांगेत जाते.

काळ्या रंगाची ही पिंपे साधारण 600 लिटरची, अमेरिकन ओकची. हवेला जागा राहावी म्हणून त्यांत सुमारे 500 लिटरच भरतात. रचना सोलेरा पद्धतीची. सर्वांत जुनी वाइन असलेल्या रांगेतून विक्रीसाठी थोडी काढायची, तिची तूट त्याहून तरुण रांगेतून भरायची, आणि असे करत शेवटच्या रांगेत नवी वाइन घालायची. कोणतेही पिंप कधी पूर्ण रिकामे होत नाही. म्हणून बाटलीवर एखादे जुने साल छापलेले असले तर ते बहुधा सोलेरा सुरू झाल्याचे साल असते, वाइनचे वय नव्हे. वय ठरवायला 2000 सालापासून दोन दर्जे आहेत : व्हीओएस म्हणजे सरासरी 20 वर्षांहून अधिक आणि व्हीओआरएस म्हणजे 30 वर्षांहून अधिक. तपासणीत चाखणाऱ्या तज्ज्ञांबरोबर कार्बन-14 चाचणीचाही आधार घेतला जातो.

इतकी वर्षे पिंपात नेमके काय घडते, त्याचे उत्तर पुन्हा हवेतच आहे. दरवर्षी 3 ते 5 टक्के वाइन लाकडातून उडून जाते. हेरेसच्या कोरड्या उन्हाळ्यात मद्यार्कापेक्षा पाणी जास्त उडते. त्यामुळे मागे उरणारी वाइन दाट होत जाते आणि तीव्रता चढत चढत 20 टक्क्यांच्या पुढे जाते. आम्लही वाढते, क्षारही. स्कॉटलंडच्या दमट कोठारात व्हिस्की मुरताना याच्या उलट घडते, तिची तीव्रता वर्षागणिक उतरते. खूप जुनी ओलोरोसो कधी कधी इतकी तुरट आणि टोकदार होते की एक घोट पुरे. कोरडेपणाचा हा शेवटचा टप्पा सर्वांना आवडेल असे नाही, पण रिकाम्या ग्लासात दुसऱ्या दिवशीही दरवळणारी वाइन दुर्मीळच.

या भागातली द्राक्षशेती फिनिशियन काळापर्यंत मागे जाते. 1587 मध्ये इंग्रज नौसेनानी फ्रान्सिस ड्रेकने कादिसवर हल्ला करून सुमारे 2,900 पिंपे वाइन इंग्लंडला नेली आणि तिथे तिची गोडी लागली. ती वाइन मात्र आजच्या अर्थाने जुनी नव्हती. द्राक्ष बागायतदारांच्या संघाच्या नियमांमुळे व्यापाऱ्यांना साठा करून मुरवायला मुभा नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापाऱ्यांनी याविरुद्ध वाद लढवले, 1834 मध्ये संघच रद्द झाला आणि त्यानंतर मोठाली कोठारे उभी राहिली. 1894 मध्ये द्राक्षवेलींच्या मुळांवर हल्ला करणारी फायलॉक्सेरा कीड पोचली आणि मळे अमेरिकन खुंटांवर नव्याने लावावे लागले. 1930 च्या दशकात नियामक परिषद स्थापन झाली. तरी इतर देशांत ‘शेरी’ नावाने नकला विकल्या जात राहिल्या, आणि युरोपीय बाजारात हे नाव पूर्णपणे हेरेससाठी राखीव झाले ते 1996 पासून.

ही वाइन हलकी गार, 12 ते 14 अंशांना, पांढऱ्या वाइनच्या साध्या ग्लासात प्यावी. इवल्या शेरी ग्लासात गंध कोंडतो. स्थानिक लोक सांगतात : पोहणाऱ्यासोबत (मासे) फिनो, उडणाऱ्यासोबत (पक्षी) आमोन्तियादो, धावणाऱ्यासोबत (जनावरांचे मांस) ओलोरोसो. हवेशी आधीच ओळख झालेली असल्याने उघडलेली बाटली कित्येक आठवडे टिकते.

भारतात हे नाव बहुतेकांना भेटते ते व्हिस्कीच्या बाटलीवर. गोव्यातल्या पॉल जॉनसारख्या कंपन्याही ओलोरोसोच्या पिंपांत मुरवलेली व्हिस्की काढतात. मात्र व्हिस्कीसाठी विकली जाणारी बहुतेक पिंपे त्याच कामाकरिता बनवून, एक-दोन वर्षे शेरी भरून तयार केलेली असतात. सोलेरातली जुनी पिंपे बोदेगावाले सहसा हातची जाऊ देत नाहीत. ज्याचा स्वतःचा वास केव्हाच निघून गेला आहे असे लाकूडच त्यांना शेरीसाठी हवे असते.