दोन-दोनने मोजणं म्हणजे बेचा पाढा नव्हे

पोर "बे एके बे, बे दुणे चार" घडाघडा म्हणतं, म्हणजे त्याला दोन-दोनने मोजता येतं, असं धरून चालणारे पालक जिकडेतिकडे भेटतात. पाढा काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. घोळ आहे तो मोजण्याचा.

दहा ठोकळे समोर ठेवा आणि "दोन-दोनने मोज" म्हणा. पुष्कळ मुलं पहिल्या ठोकळ्याला बोट लावून "दोन" म्हणतात, दुसऱ्याला "चार", तिसऱ्याला "सहा", आणि शेवटी छातीठोकपणे सांगतात, "वीस!" चाल बिनचूक, उत्तर दुप्पट. यात निष्काळजीपणा काही नाही. एका वस्तूला एक आकडा, हा नियम मूल नुकतंच मोठ्या कष्टानं शिकलेलं असतं आणि तोच इमानेइतबारे पाळत असतं. इथे मात्र एका आकड्याला दोन वस्तू संपवायच्या असतात, आणि ते त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

त्यात बोटांची भर. पाढा म्हणताना आपण दर ओळीला एक बोट उघडतो. पाच बोटं झाली की "बे पंचे दहा". ते बरोबरच आहे, कारण तिथे एक बोट म्हणजे एक जोडी, आणि जोड्या किती झाल्या हे पाढा दर ओळीत बोलून दाखवतो: एके, दुणे, त्रिक. मोजताना जोड्यांचा हिशेब कुणी मागत नाही. तिथे "सहा" म्हणजे आतापर्यंत सहा वस्तू झाल्या, बस्स. तीच बोटं वस्तू म्हणून मोजायची तर एका वेळी दोन उघडावी लागतात. दोन्हीकडे तोच हात वापरून फरक सांगितला नाही, तर तीन बोटं उघडी असताना तोंडात "सहा" का, हे मुलाला कसं कळावं? म्हणून सुरुवातीला बोटं नकोतच, असं माझं ठाम मत आहे.

छापील ठिपकेही नकोत. हातानं सरकवता येईल तेच घ्या. दोन्ही हातांनी एकेक ठोकळा एकदम ओढायचा आणि मगच आकडा म्हणायचा. आधी "एक" कुजबुजत, "दोन" मोठ्यानं; "तीन" कुजबुजत, "चार" मोठ्यानं. हळूहळू कुजबूज ओठांतच राहते. मग तोच ढीग एकेक करून पुन्हा मोजायला लावा. दोन्ही वेळा उत्तर तेच येतं, हे मुलाला स्वतःला पटायला हवं. वीसपर्यंत एकेक मोजतानाच ते अडखळत असेल, तर दोनचा विषय तूर्त काढू नका.

खरी कसोटी सात ठोकळ्यांची. नुसती चाल पाठ असलेलं मूल "आठ" म्हणून मोकळं होतं. मोजणारं मूल "दोन, चार, सहा" म्हणून थबकतं, उरलेल्या एकाकडे बघतं आणि "सात" म्हणतं. बेच्या पाढ्यात सात येतच नाही, त्यामुळे नेहमी समसंख्येचे ढीग देणाऱ्यांना ही गफलत दिसतच नाही. पाचपासून पुढे दोन-दोनने जायला सांगून बघा: सात, नऊ, अकरा. इथेही पाढा कामाला येत नाही.

सम-विषम हे तिसरं प्रकरण, पण जोड्या लावता लावता ते आपसूक कळतं. त्यासाठी भिंतीवर वेगळा तक्ता कशाला? आणि कृपा करून पाहुण्यांसमोर पाढ्याचे कार्यक्रम करू नका. वाहवा मिळते ती चालीला.

मग पाढा कधी? मोजणं बसल्यावर. चार जोड्या मांडा आणि लागोपाठ दोन प्रश्न विचारा: जोड्या किती? ठोकळे किती? "चार" आणि "आठ" न चुकता आलं की "बे चोक आठ" म्हणायला हरकत नाही. उत्तरांची अदलाबदल झाली तर पाढा काही दिवस बाजूला ठेवा आणि पुन्हा ठोकळे सरकवायला बसा.